सातला झालं म्हण

आष्टा
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय विरू,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस एवढं कळतं, पण उत्तर नाही. म्हणून शेवटी कागद काढला. सुभेदारसाहेबांना फौजेच्या टपालाच्या, एपीओच्या पत्त्यावर पत्र लिहायची पाळी या वयात येईल असं वाटलं नव्हतं. अक्षर डॉक्टरचं आहे, लागलं नाही तर पलटणीतल्या औषधवाल्याला दाखव.

आधी तात्यांचं सांगतो, कारण बापाचं कसं आहे तेच तू आधी शोधशील. उजवा पाय आता थोडा रेटा देतो. हात अजून नाही. दवाखाना उघडायच्या आधी मी रोज मळ्यात जातो, व्यायाम करून घेतो. बोलण्यातला एकच शब्द परत आला आहे, ‘बरं’. चहा देऊ का? बरं. उसाला पाणी पाजलं. बरं. परवा म्हशीचं रेडकू दगावलं म्हणून काकी रडत आत आली, तर तिलाही बरं. काकी रडता रडता हसली आणि मग जास्तच रडली.

आता ज्यासाठी लिहितोय ते. तू सांगलीच्या त्या डॉक्टर मुलीवर, उत्कर्षावर, तक्रार दिलीस. चौकशी समिती बसणार आहे. तात्यांना तिच्याकडे पाठवणारा डॉक्टर म्हणून मलाही बोलावणं आलं आहे. तू रजा काढून आलास त्या दिवशी दवाखान्याच्या बोळात तिला म्हणालास, ‘चालत आलेला माणूस तुमी आडवा केलासा.’ मी मध्ये पडलो तर माझ्याकडं न बघता म्हणालास, ‘तुमी सगळे डॉक्टर एका माळेचे मणी.’ तेव्हापासून तू माझ्याशी बोललेला नाहीस.

विरू, राग समजतो. पण नीट ऐक. तात्यांच्या मेंदूकडं जाणाऱ्या शिरेत रक्ताची गाठ अडकली होती. आपल्याकडं म्हणतात ना अंगावरनं वारं गेलं, ते हेच. ती गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं. त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत ते द्यायचं. तिनं दिलं. काही जणांना त्यानं मेंदूत रक्तस्राव होतो, वेळेत दिलं तरी होतो. तात्यांना झाला. हे वाईट झालं, पण ही तिची चूक नाही. मी डॉक्टर आहे, माझं ऐक आणि तक्रार मागं घे. माझ्यासाठी म्हणून घे.

लहानपणी आमची मेंढरं दर साली तुमच्या रानात बसायची. एका साली कळप पुढं गेला आणि मला शाळेसाठी तुमच्याकडं ठेवलं. त्यानंतर मी तुमच्या घरात तुझ्या शेजारी झोपत, तुझ्या आईला काकी म्हणत मोठा झालो. त्या जोरावर मागतोय.

काकी ठीक आहे. फोन ती हल्ली फारसा उचलत नाही, ऐकू कमी येतं म्हणते.

तुझा
रवी


आष्टा
२४ नोव्हेंबर

प्रिय विरू,

तुझा मेसेज मिळाला. ‘तिला सोडणार न्हाई. तू मदी पडू नको.’ दीड महिन्यात तुझ्याकडून आलेले हे पहिले शब्द, तेही तलाठ्यानं नोटीस डकवावी तसे. तरी आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते.

मी मध्ये पडलोच. गुरुवारी सांगलीला जाऊन उत्कर्षाला भेटलो. तू तिला रागाच्या भरात पाहिलंस. मी चहाच्या टपरीवर समोर बसून पाहिली. तिशीची पोर आहे. विट्याकडची, वडील एसटीत होते. बोलताना हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसते. मला सर सर म्हणत होती.

तिनं एक गोष्ट सांगितली. तात्यांच्या नंतर काही दिवसांनी कवठेमहांकाळकडून एका बाईला आणलं. चाळिशीची, दोन पोरांची आई. अगदी वेळेत आणली होती. हिच्या हातात इंजेक्शन होतं आणि हिचा हात पुढं होईना. तिला तात्या दिसायला लागले. वरिष्ठांना फोन केला, ते दुसऱ्या शस्त्रक्रियेत होते. ते येईपर्यंत वेळ गेली. ती बाई आता एका हातानं भाकरी थापायला शिकते आहे. उत्कर्षा म्हणाली, ‘सर, एकाला देऊन चुकले आणि दुसरीला न देऊन चुकले. मग मी नक्की काय करायचं होतं?’ मी चहात साखर ढवळत बसलो, घातलेली नव्हती तरी.

आणखी एक. ऑगस्टमध्ये कराडला आमची सीएमई झाली होती. म्हणजे आम्हा डॉक्टरांची शाळा समज. नवीन काय आलं ते मोठे डॉक्टर सांगतात, आम्ही हजेरी लावतो, पॉइंट मिळतात, आणि त्या पॉइंटांवर आमची नोंदणी टिकते. विषय पक्षाघाताचाच होता. त्याचं प्रमाणपत्र माझ्या दवाखान्यात काचेत लावलं आहे, तू पाहिलंयस. जेवणानंतरचं भाषण उत्कर्षाचं होतं, हे मला गुरुवारी कळलं. ती सहज म्हणाली, ‘तुम्ही होता ना सर त्या दिवशी?’ मी होतो म्हणालो. सकाळी होतोच.

उठताना तिनं तात्यांबद्दल विचारलं, ‘सर, एवढंच परत सांगा. केरबा काकांना सुरुवात सातलाच झाली होती ना?’ फोनवर मीच तिला तसं सांगितलं होतं. मी उत्तर दिलं आणि निघालो.

तू तक्रार मागं घे रे गड्या. पोर वाळत चालली आहे.

रवी


आष्टा
८ डिसेंबर

विरू,

आधीच्या दोन पत्रांत मी जे लिहिलं त्यातलं काही खोटं नाही, पण ती दोन्ही पत्रं लबाड आहेत. हे पत्र बसूनच वाच.

तात्यांना सातला झालं नव्हतं. चारला झालं.

त्या दिवशी शेतीची वीज रात्रपाळीची होती. पहाटे चारला तात्या मोटर चालू करायला उठले. काकीनं बघितलं, पाय ओढत होते, वहाण पायातून निसटत होती. तोंडातला शब्द जरा जड झाला होता. काकीला वाटलं, वारं लागलं. तिनं तेल कोमट करून अंग चोळलं, खिडकी लावली, घोंगडं पांघरून निजवलं. आपल्या आयांनी, आज्यांनी जे केलं तेच तिनं केलं. तिला दुसरं कुणी काही शिकवलं नव्हतं. ते शिकवणं माझं काम होतं. वीस वर्षं आष्ट्यात दवाखाना चालवतोय मी, आणि तिच्या हातच्या भाकरी खाताना एकदाही मला सुचलं नाही की हिला सांगावं, तोंड वाकडं झालं, हात पडला, बोबडी वळली तर तेल सोड आणि मला हाक मार.

साडेसातला तात्यांना हात उचलेना तेव्हा तिनं मला फोन केला. मी पोचलो. तिनं सगळं खरं सांगितलं, ‘चारपास्नं हाय रं रवी, मला वाटलं उतरंल.’ मी मनात हिशेब केला. सांगलीला पोचून तपासणी होईपर्यंत नऊ वाजून जाणार. साडेचार तासांची मुदत संपलेली. दार बंद. आणि खाटेवर कोण, तर तात्या.

विरू, आपल्या दोघांचीही जन्मतारीख दाखल्यावर एक जून आहे. गुरुजींनी शाळेच्या सोयीनं लावली, आणि त्यावर तू फौजेत गेलास, मी डॉक्टर झालो. आपल्याकडं तारीख आणि वेळ ही जुळवायची गोष्ट असते. तुझी बायको नऊ महिन्यांची गरोदर असताना रजेसाठी तू मला दाखल्यावर किती तारखा जुळवायला लावल्यास. मीही त्या सकाळी वेळ जुळवली. गाडीत काकीचा हात धरून म्हणालो, ‘तिथं कुणी विचारलं तर सातला झालं म्हण. चार म्हणालीस तर औषध देणार नाहीत.’ ती म्हणाली, ‘सातला.’ पोरानं पाढा म्हणावा तशी वाटेत दोनदा म्हणाली. मीही फोन करून सातच सांगितलं. मला वाटलं, मी तात्यांना दार उघडून देतोय.

त्या उशिरानं गाठीपलीकडचा मेंदूचा भाग मऊ पडलेला असतो. तिथं गाठ विरघळवणारं असलं औषध गेलं की फुटतं. फुटलं. वेळेत दिलं तरी कधी कधी होतं हे खरं आहे, आणि दोन महिने मी त्याच काडीला धरून तरंगतोय. पण मला ठाऊक आहे. तात्या त्या सकाळी आपल्या पायानं जीपमध्ये चढले होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून. काही केलं नसतं तर काठी टेकत का होईना, आज बांधावर असते.

आता कराडचं. तो ऑगस्टमधला रविवार होता. सकाळच्या भाषणात साडेचार तास हा आकडा ऐकला, तो डोक्यात बसला, कारण परीक्षेला पाठ करतात तसा तो एकच आकडा होता. मग जेवण. हॉटेल चांगलं होतं, रस्सा झणझणीत होता. सह्या सकाळीच झाल्या होत्या. आम्ही चार डॉक्टर म्हणालो, धरणाचे दरवाजे उघडलेत, पाणी बघून येऊ. कोयनानगरला गेलो. तिथनं मी तुला फोटो पाठवले, तू लिहिलंस, ‘साहेब मजेत.’

त्याच वेळी इकडं उत्कर्षा सांगत होती की आता काळ बदलला आहे. वेळ टळली असली, किंवा कळतच नसली, तरी लपवू नका. तसंच सांगा. एमआरआयवर दिसतं की मेंदूचा किती भाग अजून वाचण्यासारखा आहे. काही जणांची गाठ तार घालून बाहेर काढता येते, तीही कितीतरी उशिरा. फक्त वेळ जुळवून सांगू नका, कारण चुकीच्या वेळेवर दिलेलं औषध माणसाला मारतं. हे सगळं तिनं मला टपरीवर सांगितलं. म्हणाली, ‘समोर बहुतेक रिकाम्या खुर्च्या होत्या, सर.’ त्यातली एक माझी होती. दार बंद नव्हतंच विरू. मी चार म्हणालो असतो तरी ते तात्यांसाठी उघडलं असतं. मीच ते उघडायच्या नादात तोडलं.

आणि तिनं जेव्हा विचारलं, सातलाच ना, तेव्हा मी म्हणालो, ‘हो. नक्की.’ समोरासमोर. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तात्यांच्या प्रेमापोटी बोललो असं स्वतःला सांगता येतं. दुसऱ्यांदा फक्त माझी कातडी वाचवायची होती.

कालच्या व्यायामाला हे सगळं मी तात्यांना सांगितलं. त्यांचा हात माझ्या हातात होता. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बरं.’ मला ते माफी म्हणून घ्यायला किती आवडलं असतं. पण रेडकू मेल्यावरही ते तेच म्हणाले होते.

चौकशी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे. तिथं मी खरं सांगणार आहे. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

रवी


आष्टा
१२ जानेवारी २०२५

विरू,

मागचं पत्र पोचलं की वर बर्फात कुठं अडकलं, कळायला मार्ग नाही. तुझा मेसेज नाही. पोचलं असून तू गप्प असशील तर तेही मी समजतो.

चौकशीच्या आधी मी उत्कर्षाला भेटून सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, किंवा निदान सुटल्यासारखी रडेल. ती बराच वेळ टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत आणि घालत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं.’ मी म्हणालो, ‘नाही, काही चुकलं नव्हतं.’ ती म्हणाली, ‘मग त्या कवठेमहांकाळच्या बाईंचं काय, सर?’ एका वाक्यानं मी दोन घरं बुडवली, आणि त्यातल्या एका घराला मी कोण हेही माहीत नाही.

आता काकीचं सांगायचं आहे. खरं तर या पत्रात तेवढंच सांगायचं आहे.

समितीनं तिलाही बोलावलं होतं. आदल्या दिवशी तिला समजावलं, ‘काकी, उद्या चार म्हणायचं. जे झालं तेच.’ ती म्हणाली, ‘आन तुजा दवाखाना?’ म्हटलं, त्याचं मी बघतो. ‘व्हय,’ म्हणाली आणि चुलीकडं वळली. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी सांगलीला तिघे साहेब टेबलापलीकडं बसलेले. साळूबाई केरबा अशी हाक झाली. काकी नवं लुगडं नेसून आलेली, पदर डोक्यावरून घट्ट. एका साहेबांनी सौम्यपणे विचारलं, ‘मावशी, काकांना त्रास कधी सुरू झाला?’

‘सातला,’ काकी म्हणाली.

त्यांनी परत विचारलं. आठवून सांगा, घाई नाही. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत ना भीती होती ना गोंधळ. ‘सातला जी. मी जवळच हुते.’

भिंतीकडेला उत्कर्षा बसली होती. तिची मान खाली गेली. मी उठलो आणि सांगितलं. चार वाजता झालं. सात हे मी ठरवलं, या बाईला मी शिकवलं, फोनही मीच केला. लिहून घ्या, सही करतो. साहेब माझ्याकडं बघतच राहिले. काकी माझ्याकडं बघत नव्हती.

उत्कर्षावरची तक्रार निकाली निघेल असं त्यांनी तोंडी सांगितलं. माझं प्रकरण वर जाईल. नोंदणी काही काळ थांबेल, कदाचित कायमची. दवाखान्याला कालपासून कुलूप आहे. काचेतलं ते प्रमाणपत्र मी काढलं, तिथं भिंतीवर पांढरा चौकोन राहिला आहे. पेशंट खिडकीतून डोकावून विचारतात, डॉक्टर गावाला गेलेत का. शेजारचा टेलर व्हय म्हणून सांगतो.

सांगलीहून आम्ही जीपनं निघालो. गावाच्या जवळ आल्यावर मी विचारलं, ‘काकी, मी सांगितलं होतं ना चार म्हण. का केलंस असं?’

ती काचेबाहेर बघत म्हणाली, ‘विरूनं फोनवर इचारलं हुतं मला. आये, कवा झालं? मी त्यालाबी सात म्हणले. पोटच्या पोराला. आता त्याला कळलं की आई खोटं बोलली, तर त्यो काय परत येतोय? त्यो गेला आसंच धरलं मी. म्हणलं, तू तरी ऱ्हाशील. येक पोरगं तरी राखावं म्हणून बोलले. तू समद्यांम्होरं उठून आपलं वाटोळं करून घेटलंस.’

मी गाडी कडेला घेतली. मी म्हणालो, ‘काकी, चूक माझी आहे, तुझी नाही.’

‘त्याल मी चोळलं,’ ती म्हणाली. ‘घोंगडं मी घाटलं. सात मी म्हणले. तू निस्तं सांगिटलंस रं. त्यांस्नी मी मारलं.’

तात्या जिवंत आहेत, हेही तिच्या ध्यानात नव्हतं. मी किती समजावलं. ती ऐकून घेते, मान हलवते, आणि रात्रभर त्यांच्या खाटेला टेकून बसते. तिला कानाला काही झालेलं नाही विरू. तुझा फोन वाजला की ती गोठ्यात जाऊन बसते, तो थांबेपर्यंत. मला हे दिसत होतं, आणि मी तुला ऐकू कमी येतं म्हणून लिहिलं.

आता मागणं. तक्रार मागं घे म्हणालो होतो, ते माझ्यासाठी होतं, आता त्याची गरज उरली नाही. क्षमा मागत नाही. माझ्यावर राग धर, जन्मभर धर. रजेवर आलास की माझ्या दारावरून तोंड फिरवून जा, मी ते बघून घेईन. तात्यांच्या व्यायामाला मी जाणार, ते तू नको म्हणालास तरी जाणार. पण तू आलास की मागच्या दारानं निघून जाईन.

फक्त काकीला फोन कर. ती उचलणार नाही. परत लाव. टेलरच्या फोनवर लावलास तर तो मळ्यात नेऊन तिच्या हातात देईल, मी सांगून ठेवलं आहे. ती आधी म्हशीचं सांगेल, मग उसाचं, मग तू जेवलास का विचारेल. मग गप्प होईल. तेव्हा तिला काही विचारू नकोस. ‘आये, मला समदं ठावं हाय, मी येतोय,’ एवढंच म्हण.

ती रडेल. फोन ठेवू नकोस.

रवी